न आलेला अनुभव

"आईचंच ऐकायलोय की आपण इतकी वर्सं. पोरीनं सोताच्या तोंडानं कधी सांगितलंय का?"

मी ओट्यापाशी चहाचे कप ट्रेमध्ये लावत होते. बोलणाऱ्या दोघी मागच्या दाराच्या पायरीवर बसल्या होत्या. चपला पुढच्या दारात असताना त्या मागे येऊन बसल्या, म्हणजे त्यांना गार वारा हवा होता किंवा हेच बोलायचं होतं.

"मॅडम हाय म्हणं आता," दुसरी म्हणाली. "कॉलेजात तास घेती. तिथं बोलत आसंलच की."

"तिथं बोलती, हितं बोलत न्हाय. मग बोलायला लागली म्हणायचं, का न्हाय?"

दोघी हसल्या. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. आमच्याकडे कार्य असलं की त्याच पोळ्या लाटायला येतात. मी ट्रे उचलला नाही. चहावर साय धरली, तशी आई आत आली.

"अगं, बाया निघाल्या की. काय करायलीस?"

मी ट्रे तिच्या हातात दिला. पायरीवरच्या दोघी उठून पदर सारखे करत पुढे गेल्या. आईनं त्यांचं बोलणं ऐकलं होतं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

दर सोमवारी संध्याकाळी लोहाऱ्यात कुणाच्या तरी घरी आमचा सत्संग भरतो. त्या सोमवारी तो आमच्या घरी होता. आधी भजनं, मग थोडं वाचन आणि शेवटी अनुभव. ज्या बाईला देवाच्या कृपेचा काही अनुभव आला असेल तिनं उठून तो सगळ्यांना सांगायचा. कुणाचं जुनं दुखणं गेलेलं असतं, कुणाच्या बोअरला पाणी लागलेलं असतं, कुणाची हरवलेली म्हैस तिसऱ्या गावाच्या शिवारात सापडलेली असते. जिनं अनुभव सांगितला ती पुढच्या सतरंजीवर बसते. आरतीचं ताट तिच्या हाती जातं. जिला अजून काही आलेलं नाही ती मागे बसते आणि टाळ्या वाजवते. हा नियम कुणी केलेला नाही, पण नव्या बाईलाही दुसऱ्या सोमवारी तो कळतो.

माझी आई पहिल्यापासून पुढच्या सतरंजीवर, मोठ्या ताईंच्या उजव्या हाताला बसते. मोठ्या ताई म्हणजे हा सत्संग चालवणाऱ्या बाई. आईला ती जागा माझ्यामुळे मिळाली. आमच्या सत्संगातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात मोठा अनुभव आईचा आहे: तिची मुकी झालेली मुलगी बोलायला लागली.

ती मुलगी मी.

या गोष्टीसोबत एकाच गावात राहणं कसं असतं, ते सांगता येईल का ते बघते. मी सकाळी कॉलेजला जायला जीपमध्ये बसते. समोरची बाई शेजारणीला कोपरानं ढोसते. "हीच ती." मग शेजारीण माझ्याकडे नीट बघते, जणू माझ्या गळ्यावर काही खूण असेल. एकदा एक म्हातारी मला म्हणाली, "बोल की गं माय कायतरी, ऐकू दे जरा." जीप भरायची होती, ड्रायव्हर अजून दोन माणसांसाठी थांबला होता, आणि सगळी जीप माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "आज ऊन फार आहे." म्हातारीनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

खरं काय झालं होतं ते असं. आईच्या हट्टानं मला लातूरच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं, तिथल्याच वसतिगृहात मी राहत होते. वडील तहसील कार्यालयात कारकून होते, घरची थोडी शेती काका बघायचे. आम्ही आणि काकांचं कुटुंब तेव्हा एकत्र राहायचो. आजोबांना आणि काकांना माझं बोर्डिंग पसंत नव्हतं. आईनं एकटीनं ते रेटलं.

पाचवीनंतरच्या उन्हाळ्यात मी घरी आले. वसतिगृहात जेवताना काही हवं असेल तर विचारावं लागायचं, ताटावरून उठताना परवानगी घ्यावी लागायची. मी घरी पहिल्याच दिवशी काकूला विचारलं, "मला अजून एक भाकरी मिळेल का?" टोपलं माझ्यासमोर होतं. चुलतभाऊ म्हणाला, "मिळंल की, अर्ज कर." सगळे हसले. जेवून झाल्यावर मी म्हणाले, "मी उठू का?" चुलतबहीण म्हणाली, "ठराव मांडा आन् मग उठा." त्यानंतर मी जे बोलेन ते कुणीतरी माझ्याच आवाजात पुन्हा म्हणून दाखवायचं. पाणी मागितलं तरी. काका हसायचे, काकू हसायची. आईही हसायची. भिंतीकडे तोंड करून हसायची, पण तिचे खांदे मला दिसायचे.

मी बोलायचं बंद केलं. कुणावर रागावून नव्हे. गप्प बसलं की हसायला काही मिळत नाही, एवढंच मला कळलं होतं. आधी एक दिवस, मग पुढचा, आणि मग गप्प राहणंच सोपं झालं. पंधरवड्यानं घर घाबरलं. डॉक्टर झाले, अंगारा झाला. काका आईला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगी बोर्डिंगात टाकली, मुकी करून आणली." आजोबांनी त्यावर काही म्हटलं नाही, म्हणजे तेही तसंच म्हणाले. शाळा पुन्हा सुरू झाली, मी लातूरला गेले आणि तिथं नेहमीसारखी बोलत होते. सुट्टीत घरी आले की गप्प. आईला कुणीतरी मोठ्या ताईंकडे नेलं, तेव्हापासून ती सोमवार धरू लागली.

पुढच्या उन्हाळ्याच्या आधी काकांना ढोकीच्या साखर कारखान्यात नोकरी लागली. ते सगळे तिकडे राहायला गेले. सुट्टीत मी घरी आले तर स्वयंपाकघरात फक्त आई होती. तिनं चहा दिला. मी म्हणाले, "साखर कमी आहे." आई खाली बसली आणि रडायला लागली.

आईच्या गोष्टीत मी पहिल्यांदा "आई" म्हणाले. साखरेचं नाव त्यात नाही. त्याबद्दल मी तिला कधी टोकलं नाही. ती खोटं बोलते असंही मला वाटत नाही. सोमवार धरले होते, मुलगी बोलली. तिच्या बाजूनं बघितलं तर मधे दुसरं काही दिसत नाही. काका गेल्याचं तिला दिसायला हवं होतं, पण ते दिसलं असतं तर आपलं हसणंही दिसलं असतं.

त्या सोमवारी सगळ्या बायका गेल्यावर आई सतरंज्या घडी करता करता म्हणाली, "मोठ्या ताई म्हणल्या, वार्षिक सत्संगात आता तू सांगायचं. आपल्या तोंडानं."

"मी?"

"मग कोण? तेरच्या बाईंचा माणूस सोता उठून सांगतोय. आमचं आपलं नुसतं आईनं सांगायचं."

तेरच्या बाई वर्षभरापूर्वी तेर गावाहून आमच्या सत्संगात आल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याची दारू सुटली होती. त्यांनी अनुभव सांगितला की नवरा दारापाशी बसलेल्या चार पुरुषांतून उठून "व्हय, खरंय" म्हणायचा. त्याच्या त्या दोन शब्दांनी पुढच्या सतरंजीवरची रचना हलायला लागली होती. मागच्या दोन सोमवारी आरतीचं ताट तेरच्या बाईंकडे गेलं होतं.

मी आईला नाही म्हणाले नाही. आमच्या घरात मी नाही म्हणत नाही, गप्प बसते. आणि माझं गप्प बसणं सगळे हो समजतात.

मी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. शेजारच्या तालुक्यात कॉलेज आहे, तासाचे पैसे मिळतात, ते वर्षअखेरीस मिळतात. तिसऱ्या वर्षाला अमेरिकेचा इतिहास आहे. माझं स्वतःचं शिक्षण इंग्रजीतून झालं, मुलं मराठीतून शिकतात, म्हणून मी प्रत्येक तासाची तयारी दोनदा करते. एकदा समजून घ्यायला आणि एकदा तेच मराठीत बोलून बघायला. हे बोलणं मी गच्चीवर करते, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड.

त्या आठवड्यात पहिल्या वसाहतींचा भाग चालला होता. इंग्लंडमधल्या चर्चच्या रीती ज्यांना मान्य नव्हत्या, ती प्युरिटन माणसं समुद्र ओलांडून गेली, जंगल तोडून वस्ती केली आणि वस्तीच्या मधोमध एक लाकडी सभागृह बांधलं. देऊळ तेच आणि ग्रामपंचायतही तिथंच. रविवारी सगळ्यांनी यायचंच, न येणाऱ्याला दंड. आत कुणी कुठं बसायचं हे माणसाच्या वयावरून, मालमत्तेवरून आणि प्रतिष्ठेवरून ठरायचं.

"आमच्या गावात पंगतीला असतंय तसं," एक मुलगा म्हणाला.

"साधारण तसंच," मी म्हणाले.

वर्गात मी बोलू शकते. दुसऱ्यांविषयी असलं की मला बोलता येतं. मी पुढं सांगितलं की सभागृहात बसणं वेगळं आणि मंडळीचा, म्हणजे त्या चर्चचा, सभासद होणं वेगळं. सभासद व्हायचं तर उभं राहून अनुभव सांगावा लागायचा. देवाची कृपा आपल्यावर झाली हे आपल्याला कसं कळलं, कोणत्या दिवसांत आपण अंधारात होतो, मग काय झालं. ऐकणारे प्रश्न विचारायचे. पटलं तर आत. बायकांचा अनुभव पुष्कळदा पाद्री आधी एकांतात ऐकून घ्यायचा आणि मग मंडळीसमोर तोच सांगायचा. बाई तिथंच असायची, पण तिची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून यायची.

इथं मी थांबले. फळ्यावर काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसते. तिची मावशी आमच्या सत्संगात आहे. तिनं विचारलं, "मॅडम, ज्याला अनुभव आलाच न्हाय त्याचं काय करत होते?"

तोच पुढचा भाग होता. मी सांगितलं की जहाजातून आलेल्या पहिल्या लोकांपाशी सांगण्यासारखं पुष्कळ होतं. त्यांची मुलं तिथंच जन्मली. त्यांनी मका पेरला, कुंपणं घातली, रविवारी सभागृहात बसली, वागणं चांगलं ठेवलं. पण उभं राहून सांगावं असं त्यांच्या बाबतीत काही घडलं नाही. काही जणांना खोटं सांगता आलं असतं, त्यांनी ते सांगितलं नाही. मग त्यांना मुलं झाली आणि प्रश्न पडला की या नातवंडांचा बाप्तिस्मा करायचा की नाही. वडीलधाऱ्यांनी पुष्कळ वाद घालून मधला मार्ग काढला, त्याला अर्धा करार म्हणतात. अनुभव नसलेल्यांना अर्धं सभासद करून घेतलं. त्यांच्या मुलांना बाप्तिस्मा मिळणार, पण पवित्र भोजनातली भाकर आणि द्राक्षरस त्यांना नाही, आणि मंडळीच्या कारभारात मतही नाही.

ढोकीकडचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, म्हंजी कारखान्याच्या सभासदासारखं. आमच्या आज्जाच्या नावचा शेअर हाय. सभेला जायाचं, नाष्टा करायचा, मत न्हाय. कारण ऊस न्हाय."

वर्ग हसला, मीही हसले. पहिल्या बाकावरची मुलगी हसली नाही.

"पण मॅडम," ती म्हणाली, "सगळ्यांनी सांगितलेलं खरंच आसंल का? एकीचं ऐकून दुसरीबी तसंच सांगत आसंल की."

"तसं होत असावं," मी म्हणाले. "त्या अनुभवांचा साचा बराचसा सारखा होता. आधी अंधार, मग प्रकाश. ऐकणाऱ्यांना कसं ऐकायला आवडतं ते सांगणाऱ्याला माहीत असायचं."

"आमच्या मावशीच्या सत्संगातबी असंच असतंय."

मी डस्टर उचलून फळा पुसायला लागले. तास संपल्याची घंटा झाली.

चौथ्या दिवशी मी घरी आले तर आई दारातच उभी होती. हातात कोथिंबिरीची जुडी, मुळाची माती अजून ओली.

"तू कॉलेजात सत्संगाची थट्टा केलीस म्हणं."

"नाही केली."

"मावशीला तिच्या भाचीनं सांगितलं. मॅडम म्हणल्या, सगळ्या बाया एकसारखंच सांगतात, एकीचं ऐकून दुसरी."

"मी अमेरिकेबद्दल बोलत होते, आई. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या."

"अमेरिकेत बाया सत्संग करायल्या व्हय?" आई म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "मोठ्या ताईंपर्यंत गेलंय ते. त्या रागावल्या न्हायत. म्हणल्या, पोरगी येऊ द्या, सांगू द्या, सगळं मिटंल."

म्हणजे आता दोन गोष्टींसाठी मी उभं राहायचं होतं. आईची जागा राखायला आणि माझ्यावर आलेलं बालंट काढायला. दोन्हींचा उपाय एकच होता: वार्षिक सत्संगात माइक हातात घेऊन मुकी मुलगी देवाच्या कृपेनं कशी बोलायला लागली ते सांगणं. वडिलांना मी रात्री जेवताना विचारायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "दोन मिनिटांचं काम हाय. सांगून टाक. कुणाचं काय जातंय?" आणि बातम्या लावल्या.

आई मला शिकवायला लागली. मी भाजी निवडत असले की शेजारी येऊन बसायची.

"तू म्हण, गळ्यात गोळा अडकल्यावानी व्हायचं."

"असं होत नव्हतं."

"मग कसं व्हायचं?"

मी मेथीचे देठ मोडत राहिले.

"सांग की. मला तर कधी सांगितलंच न्हाईस तू. एक वरीस बोलली न्हाईस माझ्याशी. मी कुठं कुठं फिरले. तुझ्या काकांनी माझ्या तोंडावर सांगितलं, हिनं पोरगी मुकी केली म्हणून. बायका कुंकवाला बोलवायच्या आन् आधी तुझं विचारायच्या. मोठ्या ताईंनी काय केलं? म्हणल्या, तुजी काय चूक न्हाय, बाई. तेवढंच म्हणल्या. तेवढं कुणीच म्हणलं न्हवतं."

हे तिनं मला पहिल्यांदाच सांगितलं. सत्संगात सांगते त्यात हा भाग नसतो. मी तिच्याकडे बघितलं तर ती मेथीच्या ढिगाकडे बघत होती. त्या क्षणी मला कळलं की मी खरं सांगितलं तर तिची पुढची जागा जाईल हे काहीच नाही. काकांचं म्हणणं परत येईल. बोर्डिंगनं नाही, पण घरानं मुलगी गप्प केली, आणि घरात तीही होती.

"म्हण ना," ती म्हणाली, "सोमवार धरले आन् गोळा विरघळला. तेवढंच. लांबवू नको."

मी मान हलवली. ती मान कशासाठी हलली ते मलाही नक्की सांगता येणार नाही.

त्या दिवसांत मी पुस्तकात पुन्हा पुन्हा त्याच दुसऱ्या पिढीकडे जात होते. अभ्यासाला लागत नव्हतं इतकं वाचलं. त्यांच्यातल्या एखादीचं काय झालं असेल, जिची आई उत्तम अनुभव सांगून आत गेली होती आणि जी स्वतः दर रविवारी शेगडी नसलेल्या थंड सभागृहात, लाकडी बाकावर बसून वाट बघत होती की आपल्यालाही काही व्हावं. समोर जंगल, मागे समुद्र. दुसऱ्या वस्तीत जावं तर तिथंही सभागृह तसंच. त्याच्या थोडं आधी एका बाईनं आपल्या घरी बायका जमवून धर्माची चर्चा सुरू केली, थोरांना प्रश्न केले, तर तिच्यावर खटला झाला आणि तिला वसाहतीबाहेर काढलं. पुस्तकात ती बाई ठळक आहे. जी बाकावर बसून राहिली तिच्याबद्दल दोन ओळी आहेत, त्याही सगळ्यांच्या मिळून.

मी माझ्यापुरता अर्धा करार ठरवला. माइक घ्यायचा, हात जोडायचे आणि म्हणायचं, "आईनं सांगितलं तेच." हे खोटं नव्हतं. आईनं ते सांगितलंच होतं. खरंही नव्हतं. मला वाटलं एवढ्यात भागेल.

वार्षिक सत्संग गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात होता. सकाळी दहाची वेळ होती, अकराला सुरू झाला. पुरुषांना प्लास्टिकच्या खुर्च्या, बायकांना सतरंज्या. शेजारच्या गावांतून टेम्पो भरून बायका आल्या होत्या. मागच्या बाजूला आचारी मसालेभाताच्या फोडणीला लागले होते आणि हिंगाचा वास हॉलभर होता. ढोकीहून काकूही आली होती. केस पिकले होते तिचे. माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "आज तुझं हाय म्हणं. आमी मुद्दाम आलोय." तिच्या आवाजात आत दडवलेलं काही नव्हतं. तिला तो उन्हाळा आठवत नसणार. हसणाऱ्याला कशाला आठवेल.

आईनं मला तिची मोतिया रंगाची साडी नेसवली होती. निऱ्या तिनंच घातल्या, त्या इतक्या घट्ट खोचल्या की बसताना श्वास वर राहायचा. तिनं मला पुढच्या सतरंजीवर स्वतःच्या शेजारी बसवलं. मी तिथं पहिल्यांदा बसले. समोर फुलांनी भरलेला चौरंग, समया, त्याच्या बाजूला दोन मोठे स्पीकर. मागे बघितलं तर ओळखीचे चेहरे. पायरीवरच्या त्या दोघी तिसऱ्या ओळीत होत्या. पहिल्या बाकावरची माझी विद्यार्थिनी मावशीला चिकटून बसली होती आणि सरळ माझ्याकडे बघत होती.

तेरच्या बाई आधी उठल्या. त्या छान सांगतात. कुठं थांबायचं ते त्यांना कळतं. "आन् मग म्या बाटली उचलली, बाहीर टाकायला. तर ह्यांनी माझा हात धरला. म्हणले, दे, मीच टाकतो." पुरुषांच्या बाजूनं नवरा उठला आणि म्हणाला, "व्हय, खरंय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनंही वाजवल्या, पण तिच्या टाळ्या जरा आधी थांबल्या.

मग आई उभी राहिली. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की तिच्या आधी ओठ हलतात माझे. पण त्या दिवशी तिनं थोडी लांबवली. मी दोन वर्षं बोलले नाही असं ती म्हणाली. डॉक्टरांनी आशा सोडली असं म्हणाली. मग तो सोमवार, ती संध्याकाळ, आणि लेक दारात येऊन म्हणाली, "आई." हॉलमध्ये कुणीतरी हुंदका दिला. काकू डोळे पुसत होती.

"आता," आई म्हणाली, "माझी लेक सोता सांगंल."

तिनं माइक माझ्या हातात दिला. तिचा तळवा घामानं ओला होता, माइकची दांडी गरम होती. मी उठले. हात जोडायचे होते, पण एका हातात माइक होता, म्हणून नुसता दुसरा हात छातीशी धरला.

"आईनं सांगितलं तेच," मी म्हणाले.

स्पीकरमधून माझा आवाज माझ्या आधी मागच्या भिंतीपाशी पोचला. काही बायकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मोठ्या ताईंनी हात वर केला आणि त्या थांबल्या. मोठ्या ताई प्रेमळ बाई आहेत. त्यांनी माझ्याकडे मान वळवून अगदी हळू म्हटलं, पण माइकनं ते सगळ्यांना ऐकवलं.

"आईनं सांगितलेलं आमी लई वेळा ऐकलं, बाळ. तू सांग. कशानं गप झाली हुतीस आन् कशानं बोलायला लागलीस?"

मागून कुणीतरी म्हणालं, "लाजू नको माय, बोल." दुसरं कुणीतरी म्हणालं, "कॉलेजात एवढं बोलती की." थोडं हसू उमटलं, मग शांत झालं. स्वयंपाकाकडून पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

मी आईकडे बघितलं. ती खाली बसली होती आणि मान वर करून माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडून गोळ्याचं वाक्य निघू लागलं होतं, ओठांनीच, मला आठवावं म्हणून. मला ते आठवत होतं. म्हटलं असतं तर जेवायला पंगत बसली असती, आरतीचं ताट तिच्या हाती गेलं असतं आणि पुढच्या वर्षी मला पुन्हा उभं केलं असतं, त्याच्या पुढच्या वर्षीही. मी लोहाऱ्यात असेपर्यंत. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेले तरी गोष्ट माझ्याआधी तिथं पोचली असती.

त्या उन्हाळ्यातलं आईचं हसणं मला सांगायचं नव्हतं. ते मी कधीच सांगणार नव्हते. पण ते काढून ठेवलं तर मागे काय उरतं ते मला तिथं उभी राहिल्यावर दिसलं, आणि ते खरं होतं. मी माइक जरा तोंडापासून लांब धरला, कारण माझा श्वास त्यात ऐकू येत होता.

"मी मुकी नव्हते," मी म्हणाले. "मला घरात बोलायची भीती वाटायची. अजून वाटते."